सातवे छिद्र आणि दोन मध्यम : पन्नालाल घोष यांच्या यमनाचे ध्वनिमुद्रण

बीजसंज्ञा : बासरी, यमन, तीव्र मध्यम, गायकी अंग, ध्वनिमुद्रण, संगीतसमीक्षा

प्रास्ताविक

मराठीतील संगीतसमीक्षा ही प्रामुख्याने कंठसंगीताची समीक्षा राहिलेली आहे. वामनराव देशपांडे यांच्या १९६१ मधील ग्रंथाचे ‘घरंदाज गायकी’ हे शीर्षकच या संदर्भात पुरेसे बोलके आहे. घराण्यांची चर्चा, आवाजाच्या लगावाची चर्चा, बंदिशीच्या मांडणीची चर्चा या सर्व अंगांनी आपल्याकडे जे सूक्ष्म लेखन झाले त्याचा अभिमान बाळगावा असेच ते आहे. परंतु वाद्यवादनाविषयी लिहिण्याची वेळ आली की हीच समीक्षा गायनाच्या शब्दभांडारातून उसनवारी करते आणि तेवढ्यावर समाधान मानते. बासरीच्या वाट्याला ही उसनवारी सर्वाधिक आली. ‘बासरी गाऊ लागली’, ‘गायकी अंगाने राग उलगडला’ यांसारखी विधाने इतकी रूढ आहेत की त्यांतून वादनाविषयी नेमके काय कळले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांच्या यमन रागाच्या दीर्घ ध्वनिमुद्रणाचा विचार करावयाचा आहे. घोष यांच्या वादनाला ‘गायकी अंग’ हे विशेषण जवळजवळ नावासारखे चिकटलेले आहे. ते चुकीचे नाही. अपुरे मात्र निश्चित आहे. या यमनातील सर्वांत मोलाचा भाग जेथे बासरी गळ्यासारखी वाटते तेथे नसून, गळ्याला जे करावेच लागत नाही ते करण्यासाठी वादकाला वाद्याशी जी तडजोड करावी लागते, त्या तडजोडीत आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

ध्वनिमुद्रणाला समीक्षेची मूळ संहिता मानण्याचे एक व्यावहारिक कारणही नमूद केले पाहिजे. विंचूरसारख्या, कांद्याच्या लिलावावर आणि द्राक्षांच्या हंगामावर दिवस मोजणाऱ्या गावात रागसंगीताची मैफल ही ऐकीव गोष्ट असते. तिच्यासाठी नाशिक गाठावे लागते. ‘खरे संगीत मैफलीतच’ हे विधान शहरातील रसिकाला शोभते. ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकाने ते वर्गात उच्चारले तर समोरच्या विद्यार्थ्यांना दारातूनच परत पाठविल्यासारखे होते. त्यांच्या हाती असते ते ध्वनिमुद्रण. तेव्हा ध्वनिमुद्रण कसे वाचावे, हा आमच्यासाठी अध्यापनाचा प्रश्न आहे.

पाव्यापासून रागवाद्यापर्यंत

मराठी मनात बासरीची प्रतिमा फार जुनी आहे. पावा, अलगूज, मुरली, वेणू असे चार शब्द सहज आठवावेत इतकी ती सवयीची आहे. ज्ञानदेव-एकनाथांच्या गौळणींत ती कृष्णाच्या ओठी आहे, आणि माळरानावर गुराख्याच्या हाती आहे. या दोन्ही ठिकाणी तिचे काम एकच : साद घालणे. राग मांडणे हे काम या प्रतिमेत कोठेही बसत नाही. रागाला मंद्र सप्तकातील स्वस्थ बढत लागते, स्वरास्वरांना जोडणारी मींड लागते, आणि आखूड, उंच स्वराची बासरी या दोन्हींना फारशी अनुकूल नाही. सनईला बिस्मिल्ला खाँ यांनी मंगलकार्याच्या मांडवातून मैफलीत आणले असे आपण म्हणतो; बासरीच्या बाबतीत अडचण प्रतिष्ठेची होती, तशीच वाद्याच्या घडणीचीही होती.

घोष यांचा जन्म आजच्या बांगलादेशातील बारिसालचा. घरात सतारीची परंपरा होती. त्यांनी प्रथम खुशी महंमद खाँ यांच्याकडे शिक्षण घेतले, पुढे गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडे आणि १९४७ पासून अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे. यांतील खुशी महंमद हे हार्मोनियमवादक होते, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. हार्मोनियमवर मींड निघत नाही. ज्या वादकाने पुढे आयुष्यभर मींडेचा पाठपुरावा केला, त्याचे पहिले शास्त्रोक्त शिक्षण मींड नसलेल्या वाद्याच्या गुरूकडे झाले. यावरून कार्यकारणभाव काढण्याचा मोह टाळावा हे बरे. तरी स्वरांची सुटी सुटी, स्पष्ट ओळख आणि त्यांना जोडण्याची ओढ या दोन्ही गोष्टी त्यांच्या वादनात शेजारी शेजारी आढळतात हे खरे.

१९४० मध्ये ते मुंबईस आले. येथून त्यांचा इतिहास महाराष्ट्राचाही होतो. ‘बॉम्बे टॉकीज’च्या ‘बसंत’ (१९४२) या चित्रपटाचे संगीत त्यांच्या नावावर आहे. पत्नी पारुल घोष या पार्श्वगायिका होत्या. बंधू निखिल घोष यांनी १९५६ मध्ये मुंबईत ‘संगीत महाभारती’ची स्थापना केली. त्याच वर्षी पन्नालाल दिल्ली आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक म्हणून गेले आणि २० एप्रिल १९६० रोजी तेथेच निवर्तले. त्यांची वादनपरंपरा मात्र मुंबई-पुण्यात रुजली. जामात देवेंद्र मुर्डेश्वर, व्ही. जी. कर्नाड, नित्यानंद हळदीपूर, पुण्याचे केशव गिंडे ही नावे त्याची साक्ष आहेत. घोष यांनी रचलेल्या रागांत ‘पंचवटी’ नावाचा एक राग आहे. आम्ही नाशिककरांनी एवढ्यावरून हुरळून जाण्याचे कारण नाही, पण नाव वाचताच मान वर होते एवढे खरे.

वाद्याची घडण

घोष यांनी अनेक प्रयोगांती सुमारे बत्तीस इंच लांबीची बांबूची बासरी निश्चित केली. लांबी वाढल्याने आवाज खाली आला आणि मंद्र सप्तक भरीव झाले. त्याची किंमतही मोजावी लागली : छिद्रे एकमेकांपासून दूर गेली आणि बोटे ताणावी लागली. शिवाय मंद्रातील आवाज मुळातच कोमल असतो. मोठ्या सभागृहात तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. लांब बासरी हे म्हणूनच ध्वनिक्षेपकाच्या युगाचे वाद्य आहे, असे मी म्हणेन. घोष यांचे व्यावसायिक आयुष्य चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहात आणि आकाशवाणीत, म्हणजे ध्वनिग्राहकासमोर गेले, हा योगायोग समजू नये. ध्वनिमुद्रणाला मैफलीची छाया मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. या बासरीच्या मंद्राला स्वतंत्र अस्तित्व मिळाले तेच मुळी यंत्राच्या साहाय्याने.

दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे, आणि यमनाच्या दृष्टीने निर्णायक. नेहमीच्या बासरीला सहा छिद्रे असतात. वरची तीन छिद्रे बंद केली की षड्ज, दोन बंद केली की रिषभ, एक बंद केले की गांधार, आणि सर्व छिद्रे उघडी ठेवली की तीव्र मध्यम निघतो. शुद्ध मध्यमासाठी वरचे छिद्र अर्धे झाकावे लागते. आता पंचम हवा असेल तर? तो सर्व सहा छिद्रे बंद करून, फुंकर थोडी जोराने मारून वरच्या सप्तकात मिळवावा लागतो. म्हणजे तीव्र मध्यमाला सर्व बोटे वर, आणि लगेच शेजारच्या पंचमाला सर्व बोटे खाली. कानाला जे अंतर सर्वांत निकटचे, ते हाताला सर्वांत दूरचे. येथे बासरीचा सांधा आहे. येथे मींड घेता येत नाही. घेण्याचा प्रयत्न केला तर सांधा ऐकू येतो.

घोष यांनी सहाव्या छिद्राच्या खाली सातवे छिद्र पाडले. ते करंगळीने हाताळावयाचे. सातही छिद्रे बंद केली की पंचमाच्या खालचा तीव्र मध्यम निघतो. करंगळी उचलली की पंचम. हे मंद्रात तर घडतेच, पण फुंकर वाढविली की मध्य सप्तकातही घडते. करंगळी हळूहळू सरकवून तीव्र मध्यमावरून पंचमावर किंवा पंचमावरून तीव्र मध्यमावर अखंड मींड घेता येते. या छिद्राचे वर्णन सामान्यतः ‘तीव्र मध्यमाची सोय’ असे केले जाते. हे वर्णन मला फार तोकडे वाटते.

दोन तीव्र मध्यम

त्याचे कारण असे की सातव्या छिद्राने सांधा नाहीसा झाला नाही. तो हलविता येऊ लागला. मध्य सप्तकातील तीव्र मध्यम आता दोन प्रकारे निघू शकतो. पहिला सर्व छिद्रे उघडी ठेवून. हा मध्यम गांधाराच्या बाजूचा. त्याच्याकडून गांधारावर उतरणे म्हणजे केवळ एक बोट ठेवणे. दुसरा सर्व छिद्रे बंद करून. हा पंचम-धैवताच्या बाजूचा. पहिल्याचा नाद मोकळा, किंचित चमकदार. दुसऱ्याचा गोल, भरीव, आत वळलेला. स्वर एक, उंची एक, पण रंग दोन. वादकाला प्रत्येक वेळी निवड करावी लागते : या वाक्यातील मध्यम कोणाचा, गांधाराचा की पंचमाचा?

यमनात हा प्रश्न तांत्रिक राहात नाही. यमनाचा वादी गांधार, संवादी निषाद. आरोहात षड्ज आणि पंचम बहुधा ओलांडले जातात, म्हणजे ‘नि रे ग’ आणि ‘मे ध नि’ अशा चाली होतात (‘मे’ हे येथे तीव्र मध्यमाचे चिन्ह समजावे). अवरोहात पंचम येतो आणि ‘प मे ग’ या उतारावर रागाचे सौंदर्य पुष्कळसे अवलंबून असते. म्हणजे आरोहातील तीव्र मध्यम धैवताकडे झेपावतो आणि अवरोहातील गांधारावर विसावतो. एकाच स्वराची ही दोन वेगळी वळणे आहेत. गायकाच्या गळ्यात मध्यमाची जागा एकच असते. वळणाचा फरक तो लगावाने, स्वराच्या वजनाने दाखवितो. बासरीवादकाजवळ, सातव्या छिद्रामुळे, या दोन वळणांसाठी दोन वेगळ्या जागा आहेत.

विलंबितातील बढत या दृष्टीने ऐकावी. ‘मे ध नि’ ही आरोही चाल बंद मध्यमावरून उचलली जाते तेव्हा तिन्ही स्वर एकाच फुंकरीच्या पट्ट्यात राहतात आणि चाल तळातून वर येणाऱ्या एका लाटेसारखी भासते. याउलट ‘प मे ग’ उतरताना सांधा कोठेतरी येणारच. प्रश्न एवढाच की पंचम आणि मध्यम यांच्यामध्ये, की मध्यम आणि गांधार यांच्यामध्ये. पंचमावरून मध्यमापर्यंत मींड आली, मध्यमावर क्षणभर थांबली, आणि मग गांधार स्वतंत्र श्वासाचा असल्यासारखा नव्याने लागला, तर सांधा मध्यमानंतर ठेवलेला आहे असे समजावे. हा अगदी छोटा थांबा रागाला मारक ठरण्याऐवजी पोषक ठरतो, कारण गांधार हा वादी आहे; तो ओघळून मिळण्यापेक्षा उच्चारला जाणे त्याच्या मानाला शोभते. वाद्याची अडचण रागाच्या व्याकरणात बसवून घेणे म्हणतात ते हेच. हे ‘गाणे’ नव्हे. गायकाला असा सांधाच नसतो, त्यामुळे तो कोठे ठेवावा हा विचारही त्याला करावा लागत नाही.

मंद्रातील गोष्ट याहून सरळ आहे. सहा छिद्रांच्या बासरीचा तळ म्हणजे मंद्र पंचम. सात छिद्रांच्या बासरीचा तळ म्हणजे मंद्र तीव्र मध्यम. वाद्याचा सर्वांत खालचा स्वर हाच यमनाला बिलावल थाटातील रागांपासून वेगळे करणारा स्वर असावा, याचा परिणाम मंद्रातील बढतीवर झाल्यावाचून राहात नाही. मंद्र निषाद-धैवतावर रेंगाळत वादक जेव्हा त्या तळाला स्पर्श करतो, तेव्हा खोली संपल्याची जाणीव आणि रागाची ओळख पटल्याची जाणीव एकदमच होते.

हे सर्व भेद कानाने ओळखावयाचे आहेत. ध्वनिमुद्रणात बोटे दिसत नाहीत. मैफलीत एखादे ‘प मे ग’ आले आणि गेले, दाद देण्यापुरताच वेळ मिळतो. ध्वनिमुद्रणात तेच वाक्य दहा वेळा मागे नेऊन ऐकता येते आणि नादाच्या रंगातील फरक पडताळता येतो. साहित्याच्या अध्यापकाला ही पद्धत अपरिचित नसावी. कवितेची एक ओळ आपण तासभर वाचतोच.

‘गायकी अंग’ या संज्ञेविषयी

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. घोष यांच्या मांडणीचा सांगाडा ख्यालाचा आहे हे निर्विवाद. विलंबित, मग द्रुत. बढत, बोल-अंगाऐवजी स्वरवाक्यांची गुंफण, ताना. तंतवाद्यांच्या आलाप-जोड-झाला या मांडणीपेक्षा ही वाट वेगळी आहे. पुढे हरिप्रसाद चौरसिया यांनी अन्नपूर्णा देवींच्या तालमीत जोड-झाल्याचे अंग बासरीवर प्रस्थापित केले आणि जिभेच्या आघाताने लय खेळविण्याची शक्यता विस्तारली. त्यांनी सहा छिद्रांचीच बासरी ठेवली. या दोन वाटांची तुलना करताना एक ‘गायकी’ आणि दुसरी ‘तंतकारी’ अशी विभागणी केली की काम संपल्यासारखे वाटते. मग सातवे छिद्र कोणत्या खान्यात टाकावयाचे? ते गायनातून आलेले नाही, सतारीतूनही नाही. ते बासरीच्या स्वतःच्या अडचणीतून आले आहे.

शिवाय ‘गायकी अंग’ म्हणताना आपण ख्यालातील शब्द विसरतो. बंदिशीचा मुखडा शब्दांनी बांधलेला असतो. समेवर येणारे अक्षर श्रोत्याला आधीपासून ठाऊक असते आणि त्याची वाट पाहण्यात अर्धा आनंद असतो. बासरीला तो आधार नाही. तिच्या मुखड्याला केवळ आकृती आहे. ती आकृती श्रोत्याच्या स्मरणात ठसावी म्हणून वादकाला ती अधिक साधी, अधिक ठळक ठेवावी लागते आणि भोवतीची वाक्ये श्वासाच्या मापाने कापावी लागतात. श्वास गायकालाही लागतो, पण व्यंजनांमुळे त्याचे श्वास लपतात. बासरीचा श्वास उघडा असतो. घोष यांच्या विलंबितातील वाक्यांमधील मोकळ्या जागा, ज्यांत तंबोरा तेवढा उरतो, त्या याच गरजेतून आलेल्या आहेत. आणि गरजेतून आल्या म्हणूनच त्या कृत्रिम वाटत नाहीत.

अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या सौंदर्यशास्त्राचा विचार मराठीत आणला त्याला आता पन्नास वर्षे उलटून गेली. वाद्याची घडण आणि रागाची मांडणी यांच्या परस्परसंबंधाचा विचार करणारी समीक्षा त्यापुढे जितकी वाढावयास हवी होती तितकी वाढली नाही, असे खेदाने म्हणावे लागते. स्तुतिपर लेख आणि गुरुचरित्रे यांची मात्र उणीव नाही.

ध्वनिमुद्रणाच्या मर्यादा

या यमनाला सर्वस्वी निर्दोष म्हणता येणार नाही. द्रुतात प्रवेश झाल्यावर वादन सफाईदार असले तरी वर सांगितलेली निवड, म्हणजे कोणता मध्यम कोठे, जवळजवळ लोप पावते. वेगात दोन रंग ऐकू येण्याइतका अवकाशच उरत नाही. ताना कानाला सुखावतात, पण त्या कोणत्याही चांगल्या बासरीवर निघू शकल्या असत्या. माझ्या मते या वादनाचे खरे सामर्थ्य विलंबितात आहे, आणि तबकडीच्या एका बाजूच्या सुमारे वीस मिनिटांत विलंबिताला मिळालेला वेळ अपुरा आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांच्या तुलनेत दीर्घ तबकडी उदार खरी. यमनाच्या बढतीला मात्र तीही आखूडच. दीर्घ तबकडी आपल्याकडे स्थिरावत होती त्याच सुमारास घोष गेले. तिच्या मापाने स्वतःची मांडणी घडविण्याची संधी त्यांना मिळाली नाही. १९६७ मध्ये ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी निघाली. संतूर, गिटार आणि बासरी यांतून दरीतील एक दिवस रंगविणारी. तिची निर्मिती ‘रानारानात गेली बाई शीळ’ या भावगीताने घराघरांत पोहोचलेल्या जी. एन. जोशी यांनी केली होती. तेथे तबकडीचे माप आधी आणि संगीताची आखणी नंतर, असा क्रम उघड दिसतो. लोकप्रियतेच्या दृष्टीने तो क्रम यशस्वी ठरला. बासरी पुन्हा गुराख्याच्या हाती गेली हेही त्याबरोबरच घडले, आणि याची चर्चा व्हावयास हवी होती.

दुसरा आक्षेप माझ्या प्रतिपादनावरच घेता येईल. घोष यांची सुपरिचित ध्वनिमुद्रणे पाहिली तर यमन, श्री, मारवा हे तीव्र मध्यमाचे राग त्यांत ठळकपणे आढळतात. यावरून सातव्या छिद्रानेच रागांची निवड केली असे म्हणावेसे वाटते. पण त्यांचा दरबारीही तितकाच ख्यातनाम आहे, आणि दरबारीत तीव्र मध्यमाला थाराच नाही. तेथे कामी येते ती लांब बासरीची मंद्रातील गंभीरता आणि अर्धछिद्रांवरील आंदोलन. वाद्य रागाला वळण देते, रागाची निवड करीत नाही, इतकेच म्हणणे सुरक्षित आहे.

अध्यापनाच्या संदर्भात एक सूचना करतो. हे ध्वनिमुद्रण वर्गात भ्रमणध्वनीच्या छोट्या ध्वनिवर्धकावर ऐकवू नये. त्यात मंद्राचा तळ क्षीण होतो, आणि मंद्र तीव्र मध्यम गेला की सातव्या छिद्राची निम्मी गोष्ट गेली. बरा ध्वनिवर्धक मिळवावा, विलंबिताची पहिली सात-आठ मिनिटेच ऐकवावीत, आणि विद्यार्थ्यांना रागाचे नाव सांगण्याआधी ‘प मे ग’ हा उतार ओळखावयास सांगावा. त्यानंतर श्री लावावा. तेथे रिषभ-धैवत कोमल आहेत, रिषभावरून पंचमावर झेप आहे, आणि तीव्र मध्यम पंचमाला अगदी बिलगून येतो. यमनात दोन्ही मध्यमांना काम होते; श्रीमध्ये उघड्या मध्यमाला कितपत वाव राहतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या कानाने ठरवावे.